मात्रा कुणाच्या मापाची?

किडनी प्रत्यारोपणाबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं, ते बहुतेक दात्याभोवती फिरतं. किडनी कोण देणार, समितीची परवानगी कधी मिळणार, ऑपरेशनला किती लाख लागणार. हे प्रश्न मोठेच आहेत. पण पेशंटची पुढची वर्षं कशी जाणार, हे ठरवणारा आणखी एक निर्णय ऑपरेशनच्या दिवशी घेतला जातो आणि त्याची चर्चा घरच्यांशी क्वचितच होते. परकी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून अगदी सुरुवातीलाच प्रतिकारशक्तीवर एक मोठा घाव घातला जातो. तो किती खोल घालायचा, हा तो निर्णय. डॉक्टर त्याला इंडक्शन म्हणतात. नातेवाइकांना या औषधाचं नाव बऱ्याचदा फार्मसीच्या बिलावरच पहिल्यांदा दिसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. या औषधाची मात्रा पेशंटच्या जोखमीवरून ठरायला हवी. आज ती अनेकदा दुसऱ्या देशातल्या पेशंटांवर ठरलेल्या आकड्यावरून, त्या-त्या केंद्राच्या वहिवाटीवरून किंवा घरच्यांच्या ऐपतीवरून ठरते. हे चूक आहे आणि दुरुस्त करता येण्यासारखं आहे.

आधी औषधांविषयी. प्रत्यारोपणानंतर रोज घ्यायच्या गोळ्या वेगळ्या. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन हे त्रिकूट बहुतेक पेशंटांना पाठ असतं. इंडक्शन म्हणजे या गोळ्यांचा अंमल नीट बसेपर्यंतच्या सर्वांत धोक्याच्या दिवसांसाठी शिरेतून दिलेलं औषध. त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक बॅसिलिक्सिमॅब. ते टी-पेशींना मारत नाही. त्यांनी फोफावावं असा इशारा ज्या जागी पोचतो, ती जागा तेवढी अडवून ठेवतं. प्रौढांमध्ये त्याची मात्रा ठरलेली आहे: ऑपरेशनच्या दिवशी २० मिलीग्रॅम आणि चौथ्या दिवशी पुन्हा २०. पेशंट ४५ किलोचा असो की ८५ किलोचा, हिशेब तोच.

दुसरा मार्ग एटीजीचा. माणसाच्या थायमस ग्रंथीतल्या पेशी सशांना टोचतात, सशांच्या रक्तात त्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती गाळून शुद्ध करून औषध बनतं. ही प्रतिपिंडं टी-पेशी नष्टच करतात. त्या काही तासांत रक्तातून जवळजवळ नाहीशा होतात आणि पूर्ववत व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहूनही जास्त काळ लागतो. घाव किती काळ उघडा राहतो, हे इथे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे.

थायमोग्लोब्युलिन या नावाने मिळणाऱ्या एटीजीची एक वायल २५ मिलीग्रॅमची. आत पांढरी पावडर. सिस्टर ती निर्जंतुक पाण्यात हलक्या हाताने विरघळवतात, सलाईनच्या बाटलीत सोडतात आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून मोठ्या शिरेत चालू करतात. पहिला डोस निदान सहा तास चालला पाहिजे. त्याआधी पॅरासिटामॉल, स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं औषध दिलेलं असतं, तरी काहींना हुडहुडी भरून ताप येतोच. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त जातं. पांढऱ्या पेशी दोन ते तीन हजारांच्या मध्ये आल्या तर मात्रा निम्मी करायची. दोन हजारांच्या खाली गेल्या तर थांबवायचा विचार करायचा. प्लेटलेट्सचाही असाच हिशेब असतो.

मात्रा दर किलोला दीड मिलीग्रॅम. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये इंडक्शनसाठी मान्यता देताना ती रोज एकदा, चार ते सात दिवस अशी ठेवली. आता ५० किलोच्या पेशंटचं गणित करून पाहा. एका दिवसाला ७५ मिलीग्रॅम म्हणजे तीन वायल. चार दिवसांत १२, सात दिवसांत २१. एकाच लेबलच्या दोन टोकांत नऊ वायलचं अंतर पडतं आणि एकेक वायल हजारो रुपयांची. पेशंट ५८ किलोचा असेल तर रोजचे ८७ मिलीग्रॅम येतात. मग तीन वायल द्यायच्या की चौथी फोडायची? हा प्रश्न वॉर्डात रोज सुटतो, आणि तो सुटताना विज्ञान नेहमीच सोबत असतं असं नाही.

चार ते सात एवढी मोकळीक का, हे कळण्यासाठी थोडं मागे जावं लागतं. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली आणि ती चालली. भाऊ एकरूप जुळे होते, शरीराला परकं काही वाटलंच नाही, म्हणून इंडक्शनचा प्रश्न आला नाही. इतरांसाठी मात्र पुढची काही वर्षं भीषण गेली. सगळ्या शरीरावर क्ष-किरणांचा मारा करून प्रतिकारशक्ती झोपवण्याचे प्रयोग झाले. एकरूप नसलेल्या जुळ्या भावाची किडनी १९५९ मध्ये मिळालेला एक पेशंट दीर्घकाळ जगला. त्या पद्धतीने उपचार झालेले बाकीचे जवळजवळ सगळे संसर्गाने किंवा रिजेक्शनने गेले. डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल यांनी आधी अझाथायोप्रिन आणि स्टेरॉइडची जोडी बसवली आणि १९६६ मध्ये घोड्याच्या रक्तापासून केलेलं लिम्फोसाइटविरोधी औषध माणसात वापरलं. आजचं सशाचं एटीजी त्याच घराण्यातलं.

या क्षेत्रात पहिल्यापासून भीती रिजेक्शनची होती, आणि ती रास्तच होती. पण त्या भीतीमुळे ‘थोडं जास्त गेलं तरी चालेल’ अशी वृत्ती रुजली. तिला सर्वांत जोराचा धक्का १९९० मध्ये बसला. तोवर ओकेटी-३ हे टी-पेशींवरचं मोनोक्लोनल औषध वापरात आलं होतं. ते १९८६ मध्ये मान्यता मिळालेलं, माणसासाठीचं अशा जातीचं पहिलंच औषध. शिकागोजवळच्या एका केंद्रातल्या हृदय प्रत्यारोपणाच्या १५४ पेशंटांचा हिशेब ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. ओकेटी-३ न मिळालेल्या ७५ जणांपैकी एकाला लिम्फोमाच्या जातीचा आजार झाला. मिळालेल्या ७९ पैकी नऊ जणांना. हे वाचून औषधच वाईट असं कुणी म्हणेल. पण त्याच लेखात मात्रेची फोड आहे. एकूण ७५ मिलीग्रॅमपर्यंत औषध मिळालेल्या ६५ जणांपैकी चौघांना हा आजार झाला. त्याहून जास्त मिळालेल्या १४ जणांपैकी पाच जणांना.

१४ पैकी पाच! औषध तेच, आजार तोच, हॉस्पिटल तेच. ज्यांना जास्त मिळालं, त्यांतला तिसरा हिस्सा नव्या आजाराने गाठला. पेशंट किडनीचे नव्हते आणि संख्याही लहान आहे, हे मान्य. तरी मात्रा हा तपशिलाचा विषय नाही, इतकं कळायला हा एक तक्ता पुरे.

एटीजीच्या बाबतीत ज्या चाचणीचा दाखला सगळे देतात, ती २००६ ची, डॅनियल ब्रेनन आणि सहकाऱ्यांची. मृत दात्याची किडनी मिळालेले २७८ पेशंट. एका गटाला एटीजी, दीड मिलीग्रॅमने पाच दिवस; दुसऱ्याला बॅसिलिक्सिमॅबचे दोन डोस. वर्षभरात रिजेक्शन एटीजीच्या गटात १५.६ टक्के, दुसऱ्या गटात २५.५ टक्के. फरक ठसठशीत. ‘एटीजी सरस’ हे वाक्य इथून निघालं आणि जगभर गेलं.

मला मात्र त्याच निष्कर्षातल्या पुढच्या ओळी जास्त बोलक्या वाटतात. किडनी निकामी होण्याचं प्रमाण एका गटात ९.२, दुसऱ्यात १०.२ टक्के. मृत्यू ४.३ आणि ४.४ टक्के. म्हणजे रिजेक्शनमध्ये इतका फरक पडूनही वर्षाअखेरीस किडनी गमावलेले आणि जीव गमावलेले जवळपास सारखेच. आणि संसर्ग झालेले एटीजीच्या गटात ८५.८ टक्के, दुसऱ्या गटात ७५.२. रिजेक्शन कमी होणं ही चांगलीच गोष्ट आहे; प्रत्येक रिजेक्शनला पुन्हा स्टेरॉइडचे मोठे डोस लागतात, किडनीवर ओरखडा उठतो, घरच्यांची झोप उडते. पण रिजेक्शनचा आकडा म्हणजेच पेशंटचं भलं, असं समीकरण या चाचणीतून निघत नाही. त्यात निवडलेले पेशंटही जोखमीचे होते, सोबतच्या गोळ्यांत टॅक्रोलिमस नसून सायक्लोस्पोरिन होतं. आज ५० किलोच्या मुलीला आईची किडनी बसवताना त्या पाच दिवसांचा दाखला देणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगाचं माप घेऊन हिच्यासाठी कपडे बेतणं.

हे एका चाचणीपुरतं नाही. १९९० च्या दशकात नव्या औषधांमुळे पहिल्या वर्षातलं रिजेक्शन झपाट्याने खाली आलं, पण किडनी टिकण्याची दीर्घकालीन मुदत त्या मानाने वाढली नाही. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींवरून मायर-क्रीशे आणि सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं, तेव्हा क्षेत्रात बरीच खळबळ झाली. ज्या आकड्यासाठी आपण घाव खोल करत गेलो, तो आकडा सुधारला; ज्यासाठी पेशंट आला होता, ते त्या वेगाने हाती लागलं नाही. २०१६ मध्ये जर्मनीत झालेल्या हार्मनी चाचणीने आणखी एक गोष्ट पुढे आणली. सोबत टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट असताना, कमी जोखमीच्या पेशंटांमध्ये एटीजी आणि बॅसिलिक्सिमॅब यांच्या रिजेक्शनमध्ये म्हणण्यासारखा फरक राहिला नाही. २००९ च्या आंतरराष्ट्रीय केडिगो मार्गदर्शक सूचनाही हेच सुचवत होत्या: पहिली पसंती बॅसिलिक्सिमॅबच्या जातीला, एटीजी जास्त जोखमीच्या पेशंटांसाठी.

मग जास्त जोखमीचा कोण? इथे आपल्याला उसनं उत्तर चालत नाही, कारण आपली जोखीम वेगळ्या वाटेने येते.

भारतात बहुतेक किडन्या जिवंत दात्यांकडून येतात आणि दात्यांत बायकाच जास्त. आईने मुलाला दिली तर पेशींवरच्या निम्म्या खुणा जुळतातच. बायकोने नवऱ्याला दिली तर त्या जुळतीलच असं नाही, तरी नवऱ्याच्या शरीराने तिच्या पेशी पूर्वी कधी पाहिलेल्या नसतात. उलट्या दिशेने नवऱ्याने बायकोला किडनी दिली आणि तिला त्याच्यापासून मुलं झालेली असली, तर गोष्ट पूर्ण बदलते. प्रत्येक गरोदरपणात तिच्या शरीराला नवऱ्याच्या बाजूच्या खुणा भेटलेल्या असतात आणि त्यांची आठवण पेशींत राहिलेली असते. अशा बाईला भरभक्कम इंडक्शन लागू शकतं. आपल्याकडे किडनी मिळणाऱ्यांत बायका आधीच कमी. ज्यांना मिळते त्यांचा धोका पुरुषांच्या मापाने मोजला तर तो दुहेरी अन्याय होईल.

दुसरी वाट रक्ताची. डायलिसिसवरच्या पेशंटचं हिमोग्लोबिन सहाला येतं. एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन परवडत नाही किंवा खंड पडतो. मग एक बाटली रक्त चढवतात, दोन महिन्यांनी दुसरी. प्रत्येक बाटलीबरोबर परक्या पेशी येतात, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होण्याची शक्यता वाढते आणि प्रत्यारोपणाच्या दिवशी याच पेशंटला जास्त एटीजी लागतं. स्वस्तातलं रक्त पुढे महागड्या वायलच्या रूपाने वसूल होतं, आणि त्या वायलबरोबर संसर्गाचा धोकाही येतो. इंडक्शनची मात्रा कमी करायची खरी सुरुवात डायलिसिस सेंटरमध्ये, वेळेवर मिळालेल्या इंजेक्शनपासून होते, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत दुर्लक्षित सत्य वाटतं.

आणि तिसरी गोष्ट क्षयरोग. जगातल्या टीबीच्या पेशंटांचा साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या छातीत तो जंतू निपचित पडून असतो आणि त्याला निपचित ठेवण्याचं काम मुख्यतः टी-पेशीच करतात. एटीजी नेमक्या त्यांनाच मारतं. बॉस्टनच्या डॉक्टरला या गोष्टीची काळजी इतकी करावी लागत नाही. मिरजेच्या, नांदेडच्या किंवा परळच्या डॉक्टरला करावीच लागते. प्रत्यारोपणानंतरचा टीबी फसवाही असतो. खोकला नसतो, नुसता ताप रेंगाळतो, वजन उतरतं, कधी लसिकाग्रंथीत, कधी मणक्यात निघतो. आणि निदान झाल्यावर खरी कसरत सुरू होते. टीबीच्या उपचाराचा कणा रिफाम्पिसिन. ते यकृतातली टॅक्रोलिमस मोडणारी यंत्रणा इतकी वेगवान करतं की रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी कोसळते. गोळ्या कित्येक पटींनी वाढवाव्या लागतात, पातळी वारंवार तपासावी लागते, आणि त्यात जरा चूक झाली की ज्या रिजेक्शनच्या भीतीने एटीजीची मात्रा चढवली होती, तेच दारात उभं राहतं.

ही साखळी ज्या देशात रोज घडते, त्या देशाची मात्रा वेगळी निघाली तर त्यात नवल काय?

ब्राझीलने हा विचार करून दाखवला आहे. साव पाउलोचं ‘हॉस्पिटल दो रिम’ हे किडनी प्रत्यारोपणाच्या संख्येने जगातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. पेशंट बहुसंख्य सरकारी आरोग्यव्यवस्थेतले. तिथल्या डॉक्टरांनी एटीजी एकदाच, दर किलोला तीन मिलीग्रॅम, अशी पद्धत तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत २८८ पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले होते. एटीजीचा हा एकच डोस आणि सोबत एव्हरोलिमस मिळालेल्या गटात सीएमव्ही या विषाणूचा त्रास ४.७ टक्के, बॅसिलिक्सिमॅब आणि मायकोफेनोलेटच्या गटात ३७.६ टक्के. यातलं बरंचसं श्रेय एव्हरोलिमसचं आहे, एटीजीचं नव्हे, हे नीट सांगायला हवं; एरवी एटीजीने सीएमव्हीचा धोका वाढतोच. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की त्यांनी आपल्या पेशंटला काय सतावतं ते आधी पाहिलं, मात्रा त्यानुसार बेतली आणि मग ती मोजून सिद्ध करायला घेतली. ५० किलोच्या पेशंटला ती सहा वायलमध्ये बसते.

भारतातही बऱ्याच केंद्रांत मात्रा खाली आली आहे. एकच डोस, दोन डोस, एकूण तीन मिलीग्रॅम, कुठे त्याहून कमी. काही डॉक्टर रक्तातल्या सीडी-३ पेशी, म्हणजे टी-पेशी, मोजून पुढचा डोस द्यायचा की नाही ते ठरवतात. तो माझ्या मते सर्वांत समंजस मार्ग, कारण त्यात पुस्तक बाजूला ठेवून समोरच्या शरीराला विचारलं जातं. मग तक्रार कशाची? तक्रार ही, की कमी मात्रा दोन कारणांनी दिली जाते आणि कागदावर ती दोन्ही सारखीच दिसतात. एका पेशंटला कमी मिळालं कारण त्याची जोखीम कमी होती. दुसऱ्याला कमी मिळालं कारण चौथी वायल आणायला घरच्यांकडे पैसे नव्हते. पहिला निर्णय वैद्यकीय आहे. दुसरा तसा दिसतो एवढंच.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने २.५ लाखांवरून ४.५ लाखांवर नेली. चांगलं पाऊल. पण ऑपरेशन, दात्याचा खर्च, तपासण्या आणि पहिल्या काळातली औषधं एकाच ठोक रकमेत बसवायची म्हटली, की ओढाताण होते तेव्हा लवचीक बाब एकच उरते: वायलची संख्या. जास्त जोखमीच्या पेशंटसाठी इंडक्शनची वेगळी तरतूद असायला हवी. आणि तिच्यासोबत सीएमव्ही रोखणाऱ्या व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची, कारण घाव घालायला पैसे द्यायचे आणि तो भरेपर्यंतच्या राखणीला द्यायचे नाहीत, हा अर्धा उपचार झाला.

यावर अनुभवी डॉक्टर म्हणतात, आम्ही वर्षानुवर्षं करतोय, आमचे पेशंट चांगले आहेत. त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. अनेकांनी सरकारी वॉर्डात, तुटपुंज्या साधनांवर जीव वाचवले आहेत. पण अनुभवाला एक अडचण असते. फॉलोअपला येणारा पेशंट डोळ्यांसमोर राहतो. ताप अंगावर काढून गावच्या दवाखान्यात गेलेला आणि परत न आलेला पेशंट त्या अनुभवात मोजला जात नाही. म्हणून नोंदी लागतात. देशात आता वर्षाला १३,००० हून अधिक किडनी प्रत्यारोपणं होतात. प्रत्येकामागे वजन, औषध, एकूण मात्रा, पहिल्या वर्षातलं रिजेक्शन, टीबी, सीएमव्ही, मृत्यू एवढ्याच गोष्टी लिहिल्या, तरी चार-पाच वर्षांत ब्रेननच्या २७८ पेशंटांच्या कितीतरी पट पुरावा आपल्या हाती असेल. महाराष्ट्रात अवयववाटपासाठी विभागीय समन्वय केंद्रं आहेत, मुंबईत राज्य आणि प्रादेशिक पातळीवरची संस्था आहे. किडनी कुणाला गेली, हे त्या काटेकोरपणे लिहितात. ती बसवताना कोणती मात्रा दिली आणि वर्षभराने काय झालं, हेही तितक्याच काटेकोरपणे, जिवंत दात्याच्या प्रत्यारोपणासाठीसुद्धा, लिहिलं जावं.

यासाठी कायदा, समिती, निधी लागेल आणि वेळ जाईल. एक गोष्ट मात्र उद्यापासून करता येते. आज कितीतरी डिस्चार्ज कार्डांवर ‘एटीजी दिलं’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यातून काहीच कळत नाही. थायमोग्लोब्युलिन आणि ग्राफालॉन ही दोन्ही सशाचीच एटीजी, पण वेगवेगळ्या पेशींवर तयार केलेली; त्यांचे मिलीग्रॅम एकमेकांशी ताडता येत नाहीत. एकाचे तीन म्हणजे दुसऱ्याचे तीन नव्हेत. म्हणून कार्डावर औषधाचं नाव, त्या दिवशीचं वजन, एकूण मिलीग्रॅम, डोसच्या तारखा आणि शेवटचा पांढऱ्या पेशींचा आकडा, हे मराठीत, ठळक अक्षरांत असावं. टीबीची तपासणी आधी झाली होती का आणि प्रतिबंधक गोळ्या चालू आहेत का, तेही. चार महिन्यांनी तो पेशंट ताप घेऊन तालुक्याच्या डॉक्टरकडे जाईल, तेव्हा समोरच्याला कळेल की याच्या टी-पेशी अजून भरून आलेल्या नसतील, साध्या अँटिबायोटिकवर आठवडा घालवायचा नाही, आणि रिफाम्पिसिन लिहिण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला फोन करायचा आहे. फोन नंबरही त्याच कार्डावर, वरच्या कोपऱ्यात.